डर्बीच्या दिवशी सगळ्यांचं ओझं सारखं

मामाचा फोन आला तेव्हा मी दुरांतोच्या तिकिटाचं स्टेटस पाहत होतो. आरएसी.

"काऊन रे भाच्या, इथं गावात पट भरते त तू येत नाही, अन् घोड्यापायी मुंबईले जाऊन राह्यला?"

मामाचं खरंच आहे. विदर्भातल्या माणसाला धावत्या जनावराचं वेड लागायला मुंबई कशाला पाहिजे? आमच्याकडे शंकरपट आहे. बैलांची जोडी, हलका छकडा, वर धुरकरी आणि दोन्ही बाजूंनी उभं सगळं गाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या सात वर्षांत मामाची एक जोडी पट न पाहताच म्हातारी झाली. म्हणून त्याच्यासमोर घोड्यांचं कौतुक मी जरा जपूनच करतो.

पण फेब्रुवारीचा पहिला रविवार म्हणजे परंपरेने इंडियन डर्बी, देशातली घोड्यांची मानाची शर्यत, आणि घोड्यांच्या शर्यती काही नागपुरात होत नाहीत. महाराष्ट्रात त्यांची ठिकाणं दोनच, पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी. ऋतू बदलला की घोडे, ट्रेनर, घोडे सांभाळणारे सईस असा सगळा बारदाना घाट चढतो किंवा उतरतो. आपण मात्र रात्रभर गाडीत बसायचं.

पुढच्या रविवारी मामा कामासाठी नागपुरात आला. तर्री-पोह्यांच्या गाड्यावर उभ्या-उभ्या त्याने खरा प्रश्न टाकला, "पटात त मी जोडी पाहून सांगतो. तुमच्या तिथं इतके घोडे एका रांगेत. चांगला कोणता, कसं समजते?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला गेलं की सगळं रेसकोर्स उलगडावं लागतं. माझी तर्री तिथेच थंड झाली.

पहिल्यांदा महालक्ष्मीला गेलो तेव्हा मी काय केलं ते मामाला सांगितलं. रेसबुक हातात घेतलं. प्रत्येक घोड्यापुढे किलोचा एक आकडा होता. सगळ्यात वरच्या घोड्यापुढे ६२, सगळ्यात खालच्यापुढे ४९. मी आपला हिशेब केला, की ६२ किलो पाठीवर घेऊन हा बिचारा काय धावणार? हलका तोच पळेल. दोनशे रुपये ४९ वाल्यावर लावले. ६२ वाला आरामात जिंकला. माझा कुठे आला ते पाहायला मान मागे वळवावी लागली.

चूक अशी होती, की ते ओझं घोड्याला त्याच्या कर्तबगारीप्रमाणे दिलेलं असतं. रोजच्या बहुतेक शर्यती 'हँडिकॅप' पद्धतीच्या असतात. शर्यती भरवणाऱ्या क्लबचा हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याच्या कामगिरीवरून त्याला एक रेटिंग देतो. जिंकला की आकडा वर, सतत मागे राहिला की खाली. या रेटिंगवरून घोड्यांचे वर्ग पडतात. ज्याचं रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर ओझं जास्त, आणि रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. समजा एका शर्यतीत ८० रेटिंगचा आणि ६० रेटिंगचा घोडा समोरासमोर आहेत. फरक २० पॉइंटांचा, म्हणजे १० किलोंचा. मोठ्याने ६० किलो नेले तर धाकटा ५० किलो नेईल. हँडिकॅपरचं स्वप्न एकच असतं, की सगळे घोडे एकाच वेळी रेषेवर पोहोचावेत. ते कधी खरं होत नाही. पण शर्यत चुरशीची होते ती त्या प्रयत्नामुळेच.

"म्हणजे चांगला धावला म्हणून बैलाच्या गाड्यात गोटे टाकायचे?" मामा म्हणाला.

अगदी तेच. फक्त गोट्यांऐवजी शिसं. जॉकी, खोगीर आणि सामान मिळून जे वजन होतं ते ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी पडलं, तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यतीआधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर उभा राहतो आणि शर्यतीनंतर पुन्हा. दोन्ही वजनं जुळली पाहिजेत. म्हणून जिंकलेला जॉकी घोड्यावरून उतरला की टाळ्या घेत बसत नाही. खोगीर काखेत मारून थेट काट्याकडे जातो. नव्या, शिकाऊ जॉकीला ओझ्यात काही किलोंची सूट असते. मोठ्या मानाच्या जॉकीऐवजी एखादा कोवळा पोरगा वर बसलेला दिसला, तर त्यामागे हेही गणित असू शकतं.

एक किलोने खरंच फरक पडतो का? जुना आडाखा आहे, की १६०० मीटरमध्ये साधारण एक किलो म्हणजे एक लांबी. लांबी म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचं अंतर, सुमारे २.४ मीटर. वेळेत मोजलं तर सेकंदाचा पाचवा भाग. आडाखाच तो, पण निकाल 'नाक', 'डोकं', 'मान' अशा फरकाने लागतात हे लक्षात घेतलं की अर्ध्या किलोसाठी ट्रेनर का भांडतात ते समजतं.

या पद्धतीला एक काळी बाजूही आहे. हरल्याने रेटिंग उतरत असेल, तर एखाद्याला मुद्दाम हरायचा मोह होणारच. दोन-तीन शर्यतींत घोडा दाबून ठेवायचा, ओझं हलकं करून घ्यायचं आणि मग एका दिवशी सोडायचा. त्यासाठीच स्टुअर्ड म्हणजे पंच असतात. ते प्रत्येक शर्यतीचं चित्रण पाहतात, जॉकीला बोलावून जाब विचारतात, दंड करतात, बंदी घालतात. तरी स्टँडमध्ये हरलेला प्रत्येक माणूस 'आज सोडलाच नाही' असंच म्हणतो. त्यातले नव्वद टक्के उगाच म्हणतात, हे माझं मत.

आता डर्बी. या शर्यतीला हँडिकॅप नाही. सगळ्या नरांच्या पाठीवर सारखं ओझं, मादी असेल तर तिला साधारण दीड किलोची सूट, बास. वर्षभर जे वजन चांगल्याला मागे ओढत होतं ते त्या दिवशी निघतं. अंतर २४०० मीटर आणि घोडे फक्त चार वर्षांचे. पाच वर्षांचा कितीही मोठा असो, त्याला प्रवेश नाही. घोड्याला डर्बी आयुष्यात एकदाच धावता येते. वयाचाही कागदी हिशेब आहे. सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. जानेवारीत जन्मलेला आणि मे महिन्यात जन्मलेला, दोघं कागदावर एकाच वयाचे. शाळेत जूनमधल्या पोराला आणि पुढच्या मेमधल्या पोराला एकाच वर्गात बसवतात, तसं.

डर्बी हे नाव इंग्लंडमधल्या एप्सम इथल्या १७८० च्या शर्यतीवरून आलं, आणि ती शर्यत अर्ल ऑफ डर्बी यांच्या नावावरून. आपली इंडियन डर्बी १९४३ पासूनची. पहिली जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने. हंगामात डर्बीआधी डिसेंबरात १६०० मीटरच्या गिनीज, जानेवारीअखेर फक्त माद्यांची ओक्स, मग डर्बी, आणि पावसाळ्यात पुण्याला २८०० मीटरची सेंट लेजर. या सगळ्यांना मिळून क्लासिक म्हणतात. रेसच्या माणसाचं पंचांग हेच.

म्हणून हा वीकेंड मोठा. शनिवार-रविवार मिळून भरपूर शर्यती असतात, पण बाकीच्या म्हणजे लग्नातल्या पंगती. लग्न रविवारी संध्याकाळी लागतं, अडीच मिनिटांत.

त्या अडीच मिनिटांत घोड्याच्या आत काय चालतं ते मला सगळ्यात जास्त आवडतं, आणि मामालाही तेच आवडलं. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा धडधडतं. भरधाव धावताना २२० च्या वर जातं. त्याच्या प्लीहेत म्हणजे पाणथरीत लाल पेशींचा साठा असतो. धावायची वेळ आली की ती आवळते आणि साठा रक्तात सोडते. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांवरून ६० च्या वर जातं. खेळाडूंनी चोरून केलं तर ज्यासाठी त्यांच्यावर बंदी येते, ते घोडा जन्मतःच करतो.

श्वासाचं तर आणखीच भारी. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने. आणि चौखूर धावताना एका झेपेला एकच श्वास. पुढचे पाय उचलले, अंग ताणलं, की हवा आत. पुढचे पाय टेकले, पोटातलं सगळं पुढे सरकलं, की हवा बाहेर. लोहाराच्या भात्यासारखं. एक झेप साडेसहा-सात मीटरची धरली तर डर्बीत साडेतीनशेच्या आसपास झेपा होतात. म्हणजे श्वासही तेवढेच. जास्तीचा एक श्वास घ्यायची सोय नाही. सुरुवातीलाच जो घोडा तोंड वर करून जॉकीशी झटापट करतो, त्याची लय तुटते. ज्या हवेवर शेवटचे ४०० मीटर काढायचे ती त्याने पहिल्या चारशेत उधळलेली असते.

म्हणून जॉकीचं खरं काम चाबूक चालवणं नाही. थांबवणं आहे. मोठे जॉकी हातातल्या लगामावरून घोड्यात किती उरलंय ते ओळखतात आणि पुढच्याच्या आडोशाला, वारा चुकवत, शेवटच्या सरळीपर्यंत दम राखतात. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ८ वेळा इंडियन डर्बी जिंकली आणि पुढे ट्रेनर म्हणूनही नाव काढलं. आठ वेळा ते नशिबाने होत नाही.

"धुरकरी बी असाच असते," मामा म्हणाला. "उगाच वरडणारा लवकर हारते."

वळणाची गोष्ट मी त्याला गाड्यावरच्या ताटलीच्या कडेवर बोट फिरवून दाखवली. आतल्या कठड्याला लागून धावणारा घोडा आणि त्याच्या बाहेरून, समजा दीड मीटर अंतराने धावणारा. वळण अर्धवर्तुळाचं असेल तर बाहेरच्याला ३.१४ गुणिले दीड, म्हणजे सुमारे ४.७ मीटर जास्त धावावं लागतं. वर्तुळ लहान असो की मोठं, फरक तेवढाच. जवळजवळ दोन लांब्या झाल्या! मग सगळेच आत का घुसत नाहीत? कारण आत घुसलेल्याला समोर दोन दमलेले घोडे आणि बाजूला तिसरा अशी भिंत मिळते. सुटायला फट नाही. सुरुवातीच्या गेटमध्ये कोणता नंबर आला, त्याला 'ड्रॉ' म्हणतात, आणि रेसबुकात तो लिहिलेला असतो. नवखे तो पाहत नाहीत.

आता पैसा. त्याशिवाय या विषयावर बोलणं म्हणजे मिठाविना वरण.

कोर्सवर पैसे लावायच्या दोन जागा. एक टोट. तिथे सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जातात. समजा एका शर्यतीत १० लाख जमले, कर आणि क्लबचा वाटा म्हणून २ लाख काढले, उरले ८ लाख. जिंकलेल्या घोड्यावर एकूण २ लाखांची तिकिटं असतील, तर रुपयाला ४ रुपये. म्हणजे टोटवर तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नाही, बाजूला उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध खेळता. सगळ्यांनी ओळखलेला घोडा लागला तरी हातात फार काही पडत नाही. 'विन' म्हणजे पहिला यायला हवा. 'प्लेस' म्हणजे पहिल्या दोन-तीनांत, किती घोडे धावतात त्यावर ते ठरतं. ट्रेबल म्हणजे ठरलेल्या तीन शर्यतींचे विजेते, जॅकपॉट म्हणजे पाचांचे.

दुसरी जागा परवानाधारक बुकी. तो आधीच भाव सांगतो आणि त्या भावाला बांधील असतो. इथलं गणित एकदा करून पाहावं असं आहे. पाच घोडे आहेत, भाव असे: एकास एक, दोनास एक, चारास एक, आणि उरलेले दोघे नवास एक. एकास एक म्हणजे बुकीच्या मते जिंकायची शक्यता ५० टक्के. दोनास एक, म्हणजे एक रुपया लावला तर जिंकल्यावर वर दोन, याचा अर्थ ३३. चारास एक म्हणजे २०. नवास एक म्हणजे १०, आणि असे दोन. बेरीज करा. १२३ येते. जगात कुठल्याही गोष्टीची शक्यता १०० च्या वर जात नाही. ते वरचे २३ हे बुकीचं घर चालवतात.

मामाने बोटांवर बेरीज दोनदा केली. मग म्हणाला, "बाप्पा! म्हणजे मालक तोच."

त्यावर सरकार. घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजेला जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, आणि तो पैजेच्या पूर्ण रकमेवर लागतो. मोठी रक्कम जिंकली तर ३० टक्के टीडीएस वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सांगितलं, की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. म्हणून हा खेळ कायद्याने जुगारात मोडत नाही. निकाल मला पटतो. पण ते कौशल्य घोड्याचं, जॉकीचं आणि ट्रेनरचं. तिकीट काढणाऱ्याकडे त्यातलं किती असतं ते ४९ किलोवाल्याने मला शिकवलं आहे. मी दिवसाचे हजार रुपये वेगळ्या खिशात ठेवतो. तो खिसा रिकामा झाला की उरलेल्या शर्यती फुकट पाहतो. आणि इथे चौकातल्या पानठेल्यावर फोनवर भाव सांगणारा जो कोणी असतो, तो परवानाधारक नसतो. त्याच्याकडे लावलेला पैसा बेकायदा आहे, आणि जिंकलात तरी मागायला जायला जागा नाही.

फेवरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलेला घोडा, जगभर साधारण तीनांतल्या एका शर्यतीत जिंकतो. म्हणजे गर्दी तीनात दोनदा चुकते. तरी गर्दीपेक्षा बरं ओळखणारा माणूस मिळणं कठीण. डर्बीत मात्र फेवरिटाबद्दल एक शंका हमखास असते. यातले बहुतेक घोडे तोपर्यंत २४०० मीटर धावलेलेच नसतात. १६०० ला वाघ असणारा शेवटच्या ३०० मीटरमध्ये चालायला लागतो. म्हणून रेसबुकात बापाचं आणि आईच्या बापाचं नाव पाहतात. लांब पल्ल्याच्या घराण्यातला आहे का ते. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचे सगळे घोडे बापाच्या बाजूने मागे जात गेलं तर तीनच घोड्यांपाशी पोहोचतात: बायरली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिन्ही पूर्वेकडून इंग्लंडात गेलेले. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. असं जन्मलेलं शिंगरू थरोब्रेड म्हणून नोंदलंच जात नाही. मामाला हे ऐकून हसू आवरेना. त्याच्या गावात डॉक्टर मोटारसायकलवर नळकांडं घेऊन येतो.

घराणं पाहावं, नाव पाहू नये. सत्तरच्या दशकात स्क्वँडरर नावाचा घोडा १९ शर्यती धावला आणि १८ जिंकला. नावाचा अर्थ उधळ्या.

एक गोष्ट मी मामापासून लपवली नाही, कारण त्याने विचारलीच. "जनावराले लागत नाही का?" लागतं. चारशे-पाचशे किलोंचं धूड, आणि भरधाव धावताना एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो. तोही वजनाच्या दुपटीहून जास्त, मनगटाएवढ्या जाड हाडावर. पाय मोडला तर बहुतेकदा जुळत नाही, कारण घोड्याला आठवडेच्या आठवडे तीन पायांवर उभं ठेवता येत नाही. चाबकावर मर्यादा आल्या, तो मऊ झाला, शर्यतीआधी डॉक्टर घोडे तपासतात. तरी धोका संपलेला नाही. बैलांच्या बाबतीत जी चर्चा न्यायालयात झाली ती घोड्यांच्या बाबतीतही व्हायला पाहिजे, असं मामा म्हणाला. मी काही बोललो नाही.

तर चांगला घोडा कोणता, कसा ओळखायचा? कागद बाजूला ठेवून पॅडॉककडे जायचं. शर्यतीच्या आधी सईस घोड्यांना तिथे गोल फिरवतात. आत जायला मिळालं नाही तरी कठड्याबाहेरून दिसतं. मी काय पाहतो ते सांगितलं. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतो का. कान पुढे आहेत की सारखे मागे-पुढे होताहेत. मानेवर, मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस आहे का. असेल तर घोडा शर्यत आधीच धावून बसला. जानेवारी-फेब्रुवारीतल्या मुंबईत गारवा असतो, तेव्हा उगाच घाम यायचं कारण नाही. पोट किंचित आवळलेलं, मागचा भाग भरलेला, कातडी नव्या भांड्यासारखी.

मामा ऐकत होता. मग त्याने मला थांबवलं.

"शेण पाह्यतं का?"

"काय?"

"जनावर भ्यालं की शेण पातळ टाकते. घाम पुसून घेता येते, ते नाही येत पुसता. जोडी उभी केली की मी पयले मागं जाऊन पाह्यतो."

इतकी वर्षं मी पॅडॉकच्या कठड्याला टेकून कान आणि मान पाहतोय. घोड्यांच्या मागे जमिनीकडे एकदाही पाहिलेलं नाही.

मी फोन काढला आणि आणखी एका तिकिटाला जागा आहे का ते पाहिलं. वेटिंग २३. मामाने पोह्यांचे पैसे दिले, उरलेली मिरची कागदात बांधून घेतली आणि विचारलं, "तिथं जेवाचा डबा आत नेऊ देतेत का?"